सिमेलाने बाईंचं प्रशिक्षण

रवींद्रची पंचाहत्तरी दुपारी एकच्या सुमाराला आटोपली. औक्षण झालं, केक झाला, श्रीखंड-पुरी झाली, पाहुण्यांनी आपापले रिकामे डबे शोधून नेले आणि अमेरिकेतल्या ईडन प्रेरी गावातल्या त्या घरात फक्त टिपणीस उरले. फक्त टिपणीस उरले की काहीतरी होतं, हे त्याच्या बायकोला, सुवर्णाला, पन्नास वर्षांच्या संसारात कळून चुकलं होतं. तिने चहाचं आधण चढवलं आणि आपली खुर्ची स्वयंपाकघराच्या बाजूला ओढून घेतली, म्हणजे वेळ आली तर पटकन उठून जाता येईल.

विषय सगळ्यांना ठाऊक होता. तिचा धाकटा दीर नरेंद्र हा बत्तीस वर्षांपूर्वी इचलकरंजीहून निघाला आणि दक्षिण आफ्रिकेच्या कुशीतल्या एका चिमुकल्या देशात जाऊन बसला. त्या देशाने आपलं नाव बदलून एस्वातिनी केलं त्याला आठ वर्षं झाली, पण नरेंद्र अजून स्वाझिलँडच म्हणे. तिथल्या मत्साफा गावात त्याचा शाळेचे गणवेश शिवायचा कारखाना होता, अडतीस बायका कामाला होत्या. भावाच्या पंचाहत्तरीसाठी म्हणून तो पाच आठवड्यांपूर्वी आला, आणि इकडे त्याचं तिकडचं वर्क परमिट संपत आलं. नव्या परमिटचा अर्ज सोमवारी तिथल्या ऑफिसात पोचायला हवा होता. पोचला तर नरेंद्र परत जाणार. नाही पोचला तर त्याची मुलगी कादंबरी त्याला कायमचं आपल्या घरी, अमेरिकेतल्याच बॉथेलला घेऊन जाणार. तिने तर त्याच्यासाठी खोलीही रंगवून ठेवली होती. रंग कोणता हवा ते मात्र बापाला विचारलं नव्हतं.

त्यावरून घरात सरळ दोन तट पडले होते. नरेंद्रने अमेरिकेत राहावं असं कादंबरीला वाटत होतं, कारण तो एकाहत्तर वर्षांचा होता, विधुर होता आणि रात्री छातीत दुखलं तर शेजारी कोण, हा प्रश्न तिला बॉथेलच्या लॅबमध्ये भर दुपारीही पडायचा. रवींद्रलाही तेच वाटत होतं, पण त्याचं कारण निराळं होतं: निवृत्तीनंतर त्याचं ऐकून घेणारं माणूस घरात राहिलं नव्हतं. धाकटा भाऊ जन्मापासून ऐकत आला होता. रवींद्र-सुवर्णाचा मुलगा प्रसन्न, ज्याचं हे घर, तो कादंबरीशी नात्यातल्या रुहीच्या लग्नातल्या आहेराच्या भांडणापासून बोलत नव्हता. तरी या एका बाबतीत तो तिच्या बाजूने होता आणि ते तिला व्हॉट्सअपवरून कळवत होता. दोघं एकाच सोफ्यावर बसले होते.

दुसऱ्या तटावर स्वतः नरेंद्र होता, आणि सुवर्णा. पाच आठवड्यांत दोघा भावांनी मिळून तिचा डिशवॉशर दोनदा 'नीट' लावून दाखवला होता. तिने तेव्हापासून भावजींच्या परमिटसाठी रोज देवापुढे दोन मिनिटं जास्त बसायला सुरुवात केली होती.

नरेंद्रने खिशातून घडी केलेला कागद काढला. फॉर्म तसा साधा होता. नाव, पासपोर्ट, कारखान्याचा पत्ता वगैरे सगळं भरलेलं होतं. दोन चौकटी तेवढ्या कोऱ्या होत्या. एकीत विचारलं होतं की हे काम या देशातला कोणीही माणूस का करू शकत नाही, त्याची कारणं द्या. दुसरीत होतं, तुमच्या जागेसाठी ज्या स्थानिक माणसाला तुम्ही तयार करत आहात त्याचं नाव लिहा आणि त्याचं प्रशिक्षण कधी पूर्ण होईल ते सांगा.

"दर दोन वर्षांनी हा फॉर्म सिमेलाने बाई भरतात," नरेंद्र म्हणाला. "माझी सुपरवायझर. मी फक्त सही ठोकतो. या वेळी त्यांनी हे दोन रकाने रिकामे ठेवून पाठवला. खाली लिहिलंय, 'बाबे, या वेळी तुम्ही भरा.' बाबे म्हणजे तिकडे आपण आदराने बाबा म्हणतो तसं."

"कामात असतील," रवींद्र म्हणाला.

"बाईंनी कधी काही अर्धं सोडलेलं नाही, दादा."

प्रसन्नने घसा साफ केला आणि आन्याला हाक मारली. आन्या त्याची मुलगी, चोवीस वर्षांची. ती मिनियापोलिसच्या एका मोठ्या कंपनीत माणसं नेमायच्या खात्यात होती आणि कोणत्या जागेवरचा माणूस नेमकं काय करतो, हे लिहिणं हाच तिचा दिवसभराचा धंदा होता. मराठी तिला सगळं कळे, बोलताना मात्र अर्ध्या वाटेत पेट्रोल संपे. ती लॅपटॉप घेऊन आली, केसांत पेन खोचलं आणि नरेंद्रसमोर मांडी घालून बसली.

"ओके नरूआजोबा, धिस इज ईझी. तुम्ही दिवसभर काय करता ते सांगा. मी त्यातून असं लिहिते की त्यांना वाटेल, ओह माय गॉड, हा माणूस गेला तर कंट्री बंद पडेल."

नरेंद्र खूश झाला. असं त्याला आजवर कोणी विचारलंच नव्हतं. तो म्हणाला, सर्वांत मोठं काम म्हणजे कापडाची खरेदी. डर्बनला जायचं, ताग्यावर हात फिरवायचा, रंग धुण्यात टिकेल का ते ओळखायचं. आन्याने भराभरा टाइप केलं. मग तिने सवयीने विचारलं की शेवटचं डर्बनला कधी गेला होतात. नरेंद्रने आठवून पाहिलं. मोतीबिंदूच्या ऑपरेशनच्या आधी. म्हणजे सात वर्षं झाली. तेव्हापासून बाई जातात. पण त्या कापडाचा तुकडा आणून दाखवतात, आणि तो बघून तो 'छान' म्हणतो.

"फायनल अप्रूव्हल," आन्याने लिहिलं. "कधी नको म्हणालात?"

"नाही. बाई चांगलंच आणतात."

आन्याने ती ओळ तशीच ठेवली, पण पुढे एक प्रश्नचिन्ह टाकलं.

मग शाळांच्या ऑर्डरी निघाल्या. तिकडे शाळा जानेवारीत उघडतात, त्यामुळे नोव्हेंबरपासून नुसती धांदल. हेडमास्तरांचे फोन यायचे ते बाईंच्या मोबाइलवर, कारण निम्मे हेडमास्तर त्यांच्या चर्चचे होते. मशिनं बिघडली तर मेकॅनिक यायचा आणि नरेंद्र बॅटरी धरायचा. मापं बाई घ्यायच्या. पगाराचं काम बाईंनी तयार केलेल्या दोन मुली बघायच्या. नवीन बाई कामावर घ्यायची तर सिमेलाने बाई तिला एक खिसा शिवायला लावायच्या आणि नरेंद्र तिच्याशी हात मिळवायचा. प्रत्येक वेळी तो मोठ्या हौसेने सुरुवात करी आणि तिसऱ्या वाक्याला बाई येत. आन्याच्या बोटांचा वेग हळूहळू कमी झाला.

कादंबरी हे सगळं ऐकत होती. आपण जिंकत चाललो आहोत हे तिला दिसत होतं, आणि तिला जरा आनंदही होत होता, त्याचीच लाज वाटत होती. तिच्या मांडीवरचा फोन थरथरला. शेजारून प्रसन्नने लिहिलं होतं, 'केस क्लोज्ड.' तिने फोन पालथा ठेवला.

रवींद्रला भावाची कीव आली. तो म्हणाला, लिहा की मालकाला हिशेबी डोकं आहे आणि अस्सल महाराष्ट्रीय शिस्त आहे, ती त्या देशात कुठून मिळणार. त्यावर सुवर्णाने स्वयंपाकघरातून विचारलं की या घरात तरी ती कुठे मिळते, आणि चहा घेऊन बाहेर आली. तिचा पक्ष हरत होता, तेव्हा तिला बोलणं भाग होतं.

"भावजी, तो संप नव्हता का झाला? तुम्ही मिटवलात. दर वेळी सांगता की आम्हाला. ते घाला त्यात."

नरेंद्रचा चेहरा उजळला. आता कसं खणखणीत कारण सापडलं. सतरा वर्षांपूर्वीची गोष्ट. जानेवारीची घाई, रजा बंद. एकीची सासू वारली. तिकडे अंत्यविधी शनिवार-रविवारी असतो, आदल्या रात्री सगळी माणसं जागतात, आणि जाणं टाळलं तर तोंड दाखवायला जागा राहत नाही. नरेंद्रने फक्त सुनेला रजा दिली. शनिवारचं काम कसं होणार ही त्याला काळजी. तर सगळ्या जणी मशिनं बंद करून बाहेर झाडाखाली जाऊन बसल्या. मग तो बाहेर गेला, खुर्चीवर उभा राहिला आणि त्यांच्या भाषेत बारा मिनिटं बोलला. बारा मिनिटांनी सगळ्या उठून कामाला लागल्या. ओरडणं नाही, पोलीस नाही. असं सांगताना तो खरंच खुर्चीवरून अर्धा उठला होता.

"धिस इज ग्रेट," आन्या म्हणाली. "लीडरशिप, क्रायसिस, लँग्वेज. मी हेच टॉपला टाकते. डेट कन्फर्म करायला बाईंना कॉल करू या का?"

तिकडे रात्रीचे आठ वाजून गेले होते. नरेंद्र म्हणाला, बाई जाग्या असतील, शनिवारी त्या मुलीकडे असतात. आन्याने फोन लावून टीपॉयवर चहाच्या कपांमध्ये स्पीकर चालू करून ठेवला. बाई उचलतील तोवर रवींद्रने शर्टाची बटणं लावली, जणू त्या त्याला पाहणार होत्या.

सिमेलाने बाईंचा आवाज शांत आणि जाड होता. इंग्रजी त्या सावकाश बोलत, एकेक शब्द नीट घडी करून. नरेंद्रबरोबर इतकी वर्षं काढल्यावर मराठीही त्यांना समजे. त्यांनी आधी पंचाहत्तरीच्या शुभेच्छा दिल्या, मग नरेंद्रच्या खोकल्याची चौकशी केली, मग घरातल्या प्रत्येकाची. हे होईपर्यंत तिकडे कोणी कामाचं बोलत नाही. मग आन्याने संपाची तारीख विचारली आणि बारा मिनिटांच्या भाषणाचा उल्लेख केला.

बाईंनी तारखेऐवजी दुसरंच विचारलं.

"बाबे तिथेच आहेत का?"

"आहे, बाई," नरेंद्र म्हणाला. "सांगा त्यांना."

"बाबे, तुम्ही खुर्चीवर बोलत होतात तेव्हा मी तुमच्या मागे उभी होते. मी हातांनी त्यांना सांगत होते. शनिवारी सगळ्यांनी जायचं. राहिलेलं काम बुधवारी उशिरापर्यंत बसून करायचं."

नरेंद्र फोनकडे बघत राहिला. "म्हणजे त्या शनिवारी कारखाना रिकामा होता?"

"शनिवारी तुम्ही जेवायला घरी गेलात की परत येत नाही. तुम्ही गेल्यावर सगळ्या गेल्या."

"आणि बुधवारी उशिरापर्यंत बसल्या त्या..."

"तुम्ही तेव्हा म्हणालात, बघा, माझ्या बोलण्याने केवढा हुरूप आलाय. त्यांना केक आणलात."

रवींद्रला हसू फुटलं, ते त्याने चहात बुडवलं. आन्याने लॅपटॉपवरची वरची ओळ पुसली. पण ती हसली नाही. तिचं लक्ष दुसऱ्या चौकटीकडे गेलं होतं. तिने मागच्या फॉर्मांच्या प्रती मागितल्या, आणि बाईंनी तिथल्या तिथे फोटो पाठवले. तेरा फॉर्म. बाईंच्या सुबक अक्षरात पहिल्या चौकटीत दर वेळी एकच मजकूर होता: मालकांचं या धंद्यातलं ज्ञान असाधारण असून या देशात त्या तोडीचं कोणी नाही. दुसऱ्या चौकटीत लिहिलं होतं: प्रशिक्षणार्थी, श्रीमती झानेले सिमेलाने. प्रशिक्षण चालू आहे. आणखी दोन वर्षांत पूर्ण होईल.

आन्याने तेराही फोटो एकेक करून पाहिले. "वेट," ती म्हणाली. "सव्वीस वर्षं? नरूआजोबा, शी हॅज बीन अ ट्रेनी सिन्स बिफोर आय वॉज बॉर्न. मी जन्मले, कॉलेज केलं, प्रमोशन घेतलं. त्या अजून शिकतायत?"

नरेंद्र म्हणाला की ती कागदोपत्री गोष्ट आहे, फॉर्मला एक नाव लागतं. बोलताना त्यालाच ते बरोबर वाटलं नाही. त्याने फोनकडे वाकून विचारलं, "बाई, या वेळी का नाही भरलात?"

"सांगते," बाई म्हणाल्या. "तुम्ही सगळे चहा पिताय ना? प्या. मी गेल्या महिन्यात कोरा फॉर्म आणायला ऑफिसात गेले. नवीन ऑफिसर होता, तरुण मुलगा. त्याने जुनी फाइल काढली आणि म्हणाला, मॅडम, तुमच्या मालकांना सांगा, ही ट्रेनी बदला. तेरा वेळा नापास झालीय. डोक्याने मंद असणार. मी म्हटलं, हो सर, जरा मंदच आहे. मग फॉर्म द्यायच्या आधी त्याने माझं ओळखपत्र मागितलं."

सुवर्णाने तोंडावर हात ठेवला.

"त्याने नाव वाचलं. माझ्याकडे बघितलं. पुन्हा फाइलकडे बघितलं. आणि उठून उभा राहून दोन्ही हातांनी मला फॉर्म दिला. तो हसला असता तर बरं झालं असतं, बाबे."

नरेंद्रला शरम वाटली. शाळेत असताना वाटली होती तशी, कानांपर्यंत गरम. तेरा वेळा त्याने त्या कागदावर सही केली होती, आणि चांगल्या पेनाने केली होती. एकदाही वाचलं नव्हतं. न वाचता सही केली की बाईंवर आपला किती विश्वास आहे ते दिसतं, असं तो अभिमानाने लोकांना सांगत असे.

"इतकी वर्षं बोलला का नाहीत?" त्याने विचारलं.

"बोलले असते तर तुम्हाला परमिट मिळालं नसतं. परमिट नाही तर कारखाना नाही. कारखाना नाही तर अडतीस जणी घरी. म्हणून मी मंद झाले. त्याचं मला काही वाटलं नाही. पण आता कारखाना तुमच्याशिवाय चालतो, बाबे. पाच आठवडे चालला. एक ऑर्डरसुद्धा उशिरा गेली नाही. म्हणून या वेळी मला ते लिहिता येईना. आणि न लिहून तुम्हाला अडवताही येईना. तुम्ही जे लिहाल ते मी सोमवारी नेऊन देईन. जुनंच लिहिलंत तरी देईन."

हे शेवटचं वाक्य ऐकून प्रसन्न फोन बाजूला ठेवून सरळ बसला. रवींद्रने भावाकडे पाहिलं. आयुष्यभर त्याने नरूला काय करावं ते सांगितलं होतं. आज तोंडात आलेला सल्ला त्याने चहाबरोबर गिळला. सुवर्णाला ठाऊक होतं की जुनं लिहिलं तर भावजी परत जातील आणि तिचा डिशवॉशर वाचेल. "ते जुनं लिहू नका, भावजी," ती म्हणाली, आणि स्वतःचंच नुकसान करून घेतल्याबद्दल स्वतःवर चिडली.

नरेंद्रने आन्याला लॅपटॉप जवळ आणायला सांगितलं.

"पहिला रकाना कोरा ठेव. दुसऱ्यात लिही, प्रशिक्षणार्थी, श्रीमती झानेले सिमेलाने. प्रशिक्षण पूर्ण झालं आहे. कारखान्याचा सगळा कारभार यापुढे त्या बघतील. नरेंद्र टिपणीस यांना परमिटची गरज नाही."

आन्याने टाइप केलं. मग विचारलं, "कधी पूर्ण झालं? डेट लागेल."

नरेंद्र विचारात पडला. डर्बनचं वर्ष घालावं की संपाचं? की खरं म्हणजे पहिलंच, ज्या वर्षी बाईंनी त्याने कापलेल्या दोनशे कॉलरी न बोलता पुन्हा कापल्या होत्या?

"आजची तारीख घाला," फोनमधून बाई म्हणाल्या. "जुनी घातलीत तर मागचे फॉर्म खोटे ठरतील. मग दोघांनाही बोलावतील."

आजची तारीख पडली. प्रसन्नने प्रिंट काढली. नरेंद्रने ती या वेळी पहिल्या अक्षरापासून शेवटच्या अक्षरापर्यंत वाचली, सगळे वाट बघत असताना, आणि सही केली. आन्याने फोटो काढून पाठवला. पलीकडे बाईंनी तो उघडून शब्द न् शब्द पुटपुटत वाचला. मग त्या म्हणाल्या, "धन्यवाद, सर." सव्वीस वर्षांत त्यांनी त्याला सर म्हटलेलं नव्हतं. तो एकदम म्हाताऱ्यासारखा मागे टेकला.

कादंबरीच्या मनासारखं झालं होतं. बाप आता तिच्याकडे येणार होता. तिने इतके महिने हेच मागितलं होतं, आणि समोर बसलेला हा माणूस तिला ओळखू येईना. बाबांना ती नेहमी कुठेतरी निघालेलं बघत आली होती. ती सोफ्यावरून उठून त्याच्याजवळ खाली बसली.

"चला, तेही झालं," नरेंद्र म्हणाला. "आता तुझा फॉर्म. ग्रीन कार्डाचा. त्यात काय काय कारणं द्यावी लागतात? मला आधी सांग, म्हणजे तयारी करतो. मला तर आता काहीच येत नाही असं निघालं."

"त्यात कामाचं विचारत नाहीत, बाबा."

"मग काय विचारतात?"

"तुम्ही माझे कोण, एवढंच."

नरेंद्रने चष्मा काढला, शर्टाच्या टोकाने पुसला आणि पुन्हा घातला. रवींद्र खिडकीबाहेर बघू लागला. तिथे एप्रिलचा उरलासुरला बर्फ होता, त्यात बघण्यासारखं काही नव्हतं.

"भर मग तो," नरेंद्र म्हणाला. "पण त्याआधी मला एकदा मत्साफाला जाऊ दे. पाहुणा म्हणून, महिनाभर. कारखान्याच्या किल्ल्या माझ्याकडे आहेत. त्या बाईंच्या हातात द्यायला हव्यात."

फोन अजून चालूच होता.

"किल्ल्यांचा दुसरा जोड एकोणीस वर्षं माझ्याकडे आहे, बाबे," सिमेलाने बाई म्हणाल्या. "तरी या."